वाचकांचे प्रश्न : बॉक्स कॅमेऱ्यातला पहिला रोल

प्रश्न : जुन्या बॉक्स कॅमेऱ्यात आयएसओ ४०० चा (आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो) १२० रोल (मागे कागद असलेली, रिळावर गुंडाळलेली रुंद फिल्म) घालून भर उन्हात फोटो काढले. निगेटिव्ह फार काळ्या आल्या, काहींवर गोल डाग आहेत आणि एका चौकटीत दोन फोटो एकावर एक आलेत. कॅमेरा बिघडलाय का?

उत्तर : बहुधा नाही. या कॅमेऱ्याचं शटर साधारण १/३० ते १/५० सेकंद उघडतं आणि उजेड आत येण्याचं छिद्र एफ/११ ते एफ/१६ च्या आसपास असतं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान). कडक उन्हात ४०० च्या रोलला एफ/१६ वर १/४०० सेकंद पुरतं, म्हणजे तुमच्या रोलवर जवळजवळ दसपट किंवा त्याहूनही जास्त उजेड पडला. १०० चा रोल घ्या. त्यावरही थोडा जास्तच पडेल, पण निगेटिव्ह तेवढा सहज सोसते. स्लाइडचा रोल (ज्यावर थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं) मात्र घालू नका, त्याला जास्त उजेड सोसत नाही.

डाग मागच्या लाल खिडकीचे. ती बनली तेव्हाच्या रोलला लाल रंग दिसत नसे, आताच्या रोलला दिसतो. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा. रोल पुढे सरकवताना कॅमेरा सावलीत धरून तेवढ्यापुरती उचला, खिडकीत कागदावरचा फोटोचा आकडा मधोमध आला की लगेच बंद.

एकावर एक फोटोचं कारण बघण्यासारखं आहे. बऱ्याच बॉक्स कॅमेऱ्यांत खटका खाली दाबला की एक फोटो निघतो आणि तो वर ढकलला की दुसरा! खटका ‘जागेवर’ आणायला गेलात की फोटो गेला. रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून दोन्ही दिशांनी खटका हलवा, भिंगातून उजेड चमकतो का ते दिसेल. फोटो काढला की लगेच रोल सरकवायची सवय लावा, कारण विसरलात तर अडवणारं यात काहीच नसतं.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्यावर ६२० लिहिलंय. १२० चालेल?

उत्तर : फिल्म त्याच रुंदीची, फक्त ६२० ची रिळं बारीक. दोन रिकामी ६२० रिळं लागतील. पूर्ण अंधारात १२० चा रोल आधी एका रिकाम्या रिळावर गुंडाळा, मग तिथून ६२० वर. एकदाच गुंडाळलात तर शेवटचं टोक बाहेर येतं. दुसऱ्या खेपेला फिल्मचं सुटं टोक कागदाखाली नीट सरकवा. शेवटी फिल्म कागदाला जिथे चिकटवलेली असते त्या चिकटपट्टीपाशी फुगा आला तर पट्टी सोडवून पुन्हा चिकटवा. दुसरं ६२० रीळ कॅमेऱ्यात गुंडाळणाऱ्या बाजूला. रोल धुवायला देताना ते परत मागायला विसरू नका.