करकरणारा झोपाळा, फुटणारा गुळाचा चहा

वाचक विचारतात : घरातल्या घरात मिळणारं रोजचं सुख

प्रश्न : गुळाचा चहा कधी छान होतो, कधी गॅसवरच फुटतो. दूध ताजं असतं, गूळही ओळखीच्या गुऱ्हाळावरचा. मग बिघडतं कुठं? (कसबा बावडा)

उत्तर : गूळ घालायची वेळ चुकते. गूळ किंचित आंबटपणाकडे झुकणारा असतो, चहाचा अर्कही तसाच. दुधातलं केसीन हे प्रथिन कोमट असताना एवढा आंबटपणा सोसून घेतं, पण उकळीत त्याच्या गुठळ्या होतात. तेव्हा गूळ आणि दूध एकत्र उकळू द्यायचं नाही, हे पहिलं पथ्य.

दुसरं पथ्य आल्याचं, आणि ते फार कमी जण पाळतात. कच्च्या आल्यात दूध विरजल्यासारखं घट्ट करणारं एक विकर (एन्झाइम) असतं. आलं पाण्यात आधी खळखळून उकळलं की ते निकामी होतं. दूध घातल्यावर वरून आलं किसून टाकलं तर गुळाशिवायही चहा फुटू शकतो.

दोन कपांसाठी एक कप पाण्यात अर्धा चमचा ठेचलेलं आलं दोन-तीन मिनिटं उकळा. दोन सपाट चमचे चहापूड घाला, मिनिटभर ठेवा. शेजारी तापवलेलं एक कप दूध गरमच ओता आणि एक उकळी आली की गॅस बंद करा. मिनिटभर थांबा. मग बारीक चिरलेला गूळ, साधारण 25 ग्रॅम, घालून ढवळा आणि लगेच गाळा. खडा मोठा असेल तर तो विरघळेपर्यंत चहा गार होतो आणि हात परत गॅसकडे जातो, म्हणून गूळ बारीकच हवा. उरलेला चहा पुन्हा तापवला तर फुटणार हे धरूनच चाला. चिमूटभर खायचा सोडा टाकला की फुटत नाही, हे खरं, पण मग चहाला साबणासारखी चव येते. तो उपाय आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : थंडीत संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आमच्या देवघरापर्यंत येतं. नातवंडं त्याला ‘आपला किरणोत्सव’ म्हणतात. ते दर वर्षी त्याच तारखेला येतं का? नोंद ठेवायची तर कशी? (शिवाजी पेठ)

उत्तर : नातवंडांचं नाव अगदी बरोबर आहे. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं थेट मूर्तीपर्यंत पोचतात, तो किरणोत्सव. तेच तुमच्या घरात घडतंय, आणि दर वर्षी त्याच तारखांना. लीप वर्षामुळे होणारा फरक एका दिवसाहूनही कमी.

देवळातला किरणोत्सव वर्षातून दोनदा का होतो, ते पाहिलं की घरचं गणितही सुटतं. तो 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी असा असतो. सूर्य 21 डिसेंबरच्या सुमाराला दक्षिणेच्या टोकाला जाऊन माघारी फिरतो. 10 नोव्हेंबर त्याच्या 41 दिवस आधी, 31 जानेवारी 41 दिवस नंतर. जाताना आणि येताना सूर्य क्षितिजावर जवळजवळ त्याच ठिकाणी मावळतो. म्हणून तुमच्या देवघरात ऊन 25 नोव्हेंबरला पोचत असेल, तर ते 16 जानेवारीच्या आसपास पुन्हा तसंच दिसेल. 21 डिसेंबरपासून तेवढेच दिवस पुढं मोजायचे.

आता एक फसगत. तारखा जोडीच्या असल्या तरी घड्याळ जोडीचं नसतं. कोल्हापुरात 10 नोव्हेंबरला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि 31 जानेवारीला जवळपास साडेसहाला. नोव्हेंबरात साडेपाचला भिंतीवर खूण केली आणि जानेवारीत साडेपाचलाच बघायला बसलात, तर ऊन भलतीकडेच असेल. ते त्याच जागी यायला सुमारे अर्धा तास उशीर होतो.

नोंद ठेवायची पद्धत अशी. खिडकीच्या चौकटीची सावली खुणेला वापरू नका. सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे, त्यामुळं 3 मीटरवरच्या भिंतीवर सावलीची कड जवळजवळ 3 सेंटीमीटर धूसर असते. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याला 5 मिलिमीटरचं भोक पाडा आणि पुठ्ठा खिडकीला पक्का चिकटवा, वर्षभर हलता कामा नये. भिंतीवर तीनेक सेंटीमीटरचा गोल कवडसा पडेल. भोक चौकोनी पाडलं तरी कवडसा गोलच येईल, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. मुलांना हे आधी सांगू नका, चौकोनी भोक त्यांनाच पाडू द्या. भोकातून सूर्याकडे मात्र कुणी पाहायचं नाही, पाठ खिडकीकडेच हवी.

कवडसा पळतो भराभर, 3 मीटरवर चार मिनिटांत पाचेक सेंटीमीटर. त्यामुळं एका खुणेनं भागत नाही. दर पाच मिनिटांनी कवडशाच्या मध्यावर पेन्सिलीनं टिंब द्या, चार टिंबं जोडा, रेषेवर तारीख लिहा. दुसऱ्या दिवसाची रेषा दीडेक सेंटीमीटर सरकलेली दिसेल. 21 डिसेंबरच्या आगेमागे आठवडाभर रेषा जवळजवळ हलत नाही, मार्चमध्ये मात्र रोज दोन सेंटीमीटरनं सरकते. रंग नुकताच दिला असेल तर भिंतीवर कागद लावा, नाहीतर घरात दुसराच उत्सव होईल.

एखाद्या वर्षी कवडसा पुसट दिसला तर क्षितिजावरचं धुकं आणि धूळ बघा, नाहीतर समोर चढलेला नवा मजला. देवळातही किरणं अडतात ती याच कारणांनी.

याच हौसेतला एक जोड-उद्योग: 6-7 मेच्या सुमाराला दुपारी साडेबाराच्या आसपास गच्चीत सरळ कडांचा डबा उभा ठेवा. सूर्य बरोबर डोक्यावर असल्यामुळं सावली बुडाखालीच जाते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही हा योग येतो, पण तेव्हाच्या कोल्हापूरच्या पावसात सूर्य दिसला तर पावला.

प्रश्न : माडीवरचा जुना लाकडी झोपाळा फार करकरतो. खोबरेल तेल घातलं की दोन दिवस गप्प, मग पुन्हा सुरू. शिवाय मुलीच्या फ्लॅटमध्ये असाच झोपाळा बसवायचा आहे. (मंगळवार पेठ)

उत्तर : खोबरेल तेल कडीतून ओघळून जातं, उरतं त्यावर धूळ बसते आणि थंडीत ते थिजतं. हूक आणि कडी जिथं एकमेकांवर घासतात तिथली जुनी काजळी रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि बोटभर ग्रीस आतल्या बाजूनं भरा. त्याच वेळी कडीची जाडी बघा. घासणारी जागा मूळ जाडीच्या दहाव्या भागाइतकी जरी झिजली असेल, तरी कडी बदलून टाका. आवाज तरीही येत असेल तर फळीच्या बोल्टखालचा वॉशर सैल झालेला असतो.

फ्लॅटमध्ये हूक कुठं बसवायचा हा खरा प्रश्न. फॉल सीलिंगला नाही, प्लास्टरला नाही. आरसीसी बीममध्ये, आणि इमारतीच्या इंजिनिअरला विचारून. दोन मोठी माणसं, फळी आणि साखळ्या मिळून 170 किलो धरा. झोका 45 अंशांपर्यंत गेला तर खाली येताना हुकांवर एकूण ताण दीडपटीहून जास्त, म्हणजे 270 किलोच्या घरात जातो, आणि तो रोज शेकडो वेळा कमी-जास्त होत राहतो. बोल्ट ढिले पडतात ते यामुळं. हूक किमान चौपट ताकदीचे घ्या. फळी जमिनीपासून 45 सेंटीमीटरवर आणि मागची भिंत झोका जिथवर जातो त्याच्याही पलीकडे ठेवा.

बाल्कनीत स्टँडचा झोपाळा घेऊ का, असंही पत्रात विचारलंय. घ्या, पण माडीवरचं सुख त्यात शोधू नका. झोक्याची लय साखळीच्या लांबीवर ठरते, वजनावर नाही. 2.4 मीटर साखळीचा एक पूर्ण हेलकावा तीन सेकंदांचा, 1.2 मीटरचा सव्वादोनचा. जेवण झाल्यावर डुलकी लागते ती तीन सेकंदांवर.

प्रश्न : मोगऱ्याला पानं भरपूर, कळ्या नाहीत. (राजारामपुरी)

उत्तर : खतात नत्र जास्त झालं किंवा ऊन कमी पडतंय. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच. मोगऱ्याला कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाड एक तृतीयांश छाटा. आधी आठवडाभर पाणी कमी करा. छाटल्यावर बारा इंची कुंडीला दोन मुठी जुनं शेणखत द्या, युरिया बंद. पाच-सहा आठवड्यांत कळ्या दिसतील. एक बहर संपला की शेंडे दोन पानांखाली खुडा, पुढचा बहर येतो.

गजऱ्यासाठी कळ्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला तोडा, टपोऱ्या आणि पूर्ण पांढऱ्या. हिरवट झाक असलेली कळी तोडली तर उमलत नाही. ओल्या फडक्यात ठेवल्या की रात्रीच्या जेवणापर्यंत घरभर वास सुटतो.

प्रश्न : पावसाळ्यात घरचं भडंग दुसऱ्याच दिवशी सादळतं. (नागाळा पार्क)

उत्तर : ओल तीन वाटांनी शिरते: चुरमुरे, लसूण आणि गरमागरम भरलेला डबा. 250 ग्रॅम जाड चुरमुरे मंद आंचेवर, बोटांत चुरल्यावर पीठ होईपर्यंत भाजा. 100 मिली तेलात 150 ग्रॅम शेंगदाणे तळून काढा. त्याच तेलात ठेचलेल्या लसणाच्या वीसेक पाकळ्या आणि कढीपत्ता घाला. तेलातले बुडबुडे थांबले की पाणी गेलं असं समजा. तोवर घाई नको. गॅस बंद करून अर्ध्या मिनिटानं हळद आणि दोन चमचे लाल तिखट घाला, उकळत्या तेलात ते करपून कडू होतं. कांदा-लसूण मसाला ओलसर असतो, त्याच्या गुठळ्या होतात. तो हवाच असेल तर चमचाभरच घाला आणि तेलात नीट मोकळा करा. मग चुरमुरे, दाणे, मीठ, दोन चमचे पिठीसाखर. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. एका मोठ्या डब्याऐवजी तीन लहान डबे भरा, म्हणजे रोज उघडला जाणारा एकच डबा सादळतो. कच्चा कांदा आणि कोथिंबीर ताटलीत, डब्यात कधीच नाही.