बेळगावात उद्यमबागेतील नोकरीसाठी कोठे राहावे?

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली असून शहापूर, अनगोळ आणि मच्छे यांपैकी कोठे खोली घ्यावी, असे आपण विचारले आहे. मी अकरा वर्षे, आधी अनगोळातून आणि नंतर शहापुरातून, दुचाकीने उद्यमबागेत ये-जा केली. त्यावरून सांगतो की बेळगावात अंतरापेक्षा वाटेत रेल्वेचे फाटक लागते की नाही, हे आधी पाहावे.

नकाशावर अनगोळ सर्वांत जवळचे दिसते आणि तेथेच नवखा माणूस फसतो, कारण जवळची वाट चौथ्या गेटवरून, म्हणजे रेल्वेच्या चौथ्या फाटकावरून, जाते. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय रेल्वेगाडीला सिग्नल मिळत नाही, त्यामुळे गाडी दिसण्याच्या बऱ्याच आधी ते पडते. शिवाय मिरज-लोंढा मार्ग दुहेरी झाल्यापासून एक गाडी गेली तरी समोरून दुसरी येणार असल्यास ते उघडत नाही. याहून मोठा त्रास आपल्याच लोकांचा आहे: थांबलेल्या दुचाक्या दोन्ही बाजूंनी रस्त्याची पूर्ण रुंदी अडवून उभ्या राहतात आणि फाटक उघडताच समोरासमोर भिडतात. गाडी दोन मिनिटांत निघून जाते. कोंडी सुटायला मात्र त्याहून अधिक वेळ लागतो.

शहापुरातून गोवावेस, आरपीडी महाविद्यालयाजवळचा आरपीडी क्रॉस आणि खानापूर रोड असे जाता येते. वाट लांबची असली तरी तिच्यावरील तिसऱ्या गेटवर आता उड्डाणपूल आहे. आरपीडीजवळ सकाळी महाविद्यालयांची गर्दी असते, म्हणून मी पाळीच्या अर्धा तास आधी निघत असे आणि सहसा वीस मिनिटांत पोहोचत असे. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुका कपिलेश्वर तलावाकडे निघाल्या की हे गणित चालत नाही.

मच्छे येथून फाटक लागत नाही. मात्र चोर्ला घाटाकडून येणारा जांबोटी रस्ता पिरनवाडीत खानापूर रोडला मिळत असल्याने तेथे गोव्याच्या गाड्या आणि तालुक्यातून कामावर येणाऱ्या दुचाक्या एकत्र होतात, आणि पावसाळ्यात खड्ड्यांमुळे वेग आणखी मंदावतो. बसने जाणार असाल, तर ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्य सरकारच्या शक्ती योजनेखाली साध्या बसचा प्रवास मोफत झाल्याने बसमध्ये गर्दी वाढली आहे, हे ध्यानात ठेवावे. खानापूरहून भरून आलेल्या बसमध्ये मच्छेला उभे राहण्यापुरतीच जागा मिळते.

दुचाकी असल्यास मी शहापूर निवडीन, नसल्यास गर्दी सोसूनही मच्छे. अनगोळातच खोली आवडली, तर भाडे ठरवण्यापूर्वी एकदा सकाळी साडेआठला चौथ्या गेटवर जाऊन उभे राहावे.