कर भरला, रिटर्न राहिलं

प्रश्न: आमचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, नऊ जण कामाला, त्यातल्या दोघांच्याच पगारातून टीडीएस (पगार देतानाच कापायचा इन्कम टॅक्स) कापावा लागतो. जानेवारी ते मार्च 2025 चे मिळून 11,400 रुपये कापले आणि वेळेत भरलेसुद्धा. पण अकाउंटंट बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि 24क्यू रिटर्न (पगारातल्या टीडीएसचं तिमाही विवरण) राहूनच गेलं, ते शेवटी 14 ऑगस्टला भरलं. आता 11,400 रुपये लेट फी भरा अशी नोटीस आलीये. जेवढा टॅक्स तेवढाच दंड? सरकारचा एक रुपयाही बुडवला नाही हो आम्ही. माफीचा अर्ज करता येईल का?

उत्तर: माफी मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, उगाच चपला झिजवू नका. तुम्ही ज्याला दंड म्हणताय तो कायद्याच्या भाषेत दंड नाहीच, ती फी आहे, 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 234ई ची, दिवसाला 200 रुपये. दंड लावायचा तर अधिकाऱ्याला आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, फीला ते काही नसतं, तारीख उलटली की मीटर सुरू, मग बाळंतपण असो की सर्व्हर डाऊन. या कलमालाच मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं गेलं होतं, 2015 मध्ये कोर्टाने ते वैध ठरवलं.

आता आकडा बघा. मार्च तिमाहीच्या रिटर्नची शेवटची तारीख 31 मे, तिथून 14 ऑगस्टपर्यंत 75 दिवस, म्हणजे खरं तर 15,000 झाले असते. पण फी त्या तिमाहीच्या टीडीएसपेक्षा जास्त होत नाही, त्यामुळे तुमचं मीटर 57 व्या दिवशी, 27 जुलैलाच थांबलं. तुमचा टॅक्स पाच लाख असता तर ते चालूच राहिलं असतं, तेव्हा जेवढ्यास तेवढं हा तुमच्या फायद्याचा भाग आहे, राग आला तरी.

पैसे 281 नंबरच्या चलनाने भरा, नोटिशीवरून भरताय म्हणून मायनर हेड (भरण्याच्या प्रकाराचा कोड) 400 निवडा. आणि इथे बरेच जण फसतात, चलन भरलं की काम झालं असं वाटतं, पण ते ट्रेसेसवर (आयकर खात्याच्या टीडीएस वेबसाइटवर) जाऊन करेक्शनमध्ये, म्हणजे रिटर्नच्या दुरुस्तीत, त्या रिटर्नला जोडावं लागतं, नाहीतर पैसे भरूनही डिमांड तशीच लटकत राहते.

खरी काळजी वेगळीच आहे. कलम 271एच, हा मात्र खराखुरा दंड, 10,000 पासून 1 लाखापर्यंत. पूर्वी टॅक्स, व्याज, फी भरून वर्षाच्या आत रिटर्न दिलं तर तो लागत नव्हता, 1 एप्रिल 2025 पासून ही सवलत एका महिन्यावर आलीये आणि तुम्ही ती ओलांडलीत. पण इथे योग्य कारण दाखवून दंड टाळता येतो (कलम 273बी). तेव्हा अकाउंटंटच्या रजेचा अर्ज, वेळेत भरलेली चलनं, सगळं एका फाइलीत लावून ठेवा आणि या कलमाखाली नोटीस आलीच तर तुमच्या सीएकडून लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका.

त्या दोघांना फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) कधी दिलात ते लिहिलेलं नाही! तो 15 जूनपर्यंत द्यायचा असतो आणि चौथ्या तिमाहीचं रिटर्न गेल्याशिवाय ट्रेसेसवरून निघतच नाही. त्या उशिराला दिवसाला 500 रुपये दंड आहे, तोही टॅक्सच्या रकमेपर्यंतच, आणि तिथेही 273बी चालतं.

प्रश्न: मी नोकरी करतो. कंपनीने पगारातून टॅक्स कापला, स्लिपवर दिसतोय, पण 26एएस मध्ये (माझ्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी तक्त्यात) काहीच नाही. आता मला परत भरावा लागेल का?

उत्तर: नाही. कापलेला टॅक्स तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, कलम 205 तेच सांगतं. सॅलरी स्लिपा आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. आधी एचआरला मेल करून विचारा की पैसे भरले नाहीत की फक्त रिटर्न राहिलंय, की तुमचा पॅन चुकीचा पडलाय. पॅनची चूक असेल तर करेक्शनने सुटते. पण कापून भरलेच नसतील तर मालकाला महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही अख्खा महिना धरतात, म्हणजे 31 जानेवारीला कापलेले 7 फेब्रुवारीऐवजी 8 ला भरले तरी जानेवारी आणि फेब्रुवारी अशा दोन महिन्यांचं व्याज लागतं. आणि भरलेच नाहीत तर खटला होऊ शकतो, 2025 मध्ये कलम 276बी खाली सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. मेलमध्ये या कलमाचा नुसता उल्लेख करून बघा, अकाउंट्सवाले त्याच दिवशी फोन करतील.