नेत्याच्या नावाने नको, गावाच्या नावाने शोधा

ताई, तुम्हाला कळमनुरी तालुक्यातला हैदराबाद मुक्तिसंग्राम आणि पुढचा, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा म्हणजे नामांतराचा लढा यांवर एम. ए.चा प्रबंध लिहायचाय. तुमची तक्रार अशी, की कुठलंही पुस्तक उघडलं तरी स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव हीच नावं येतात आणि गावातली माणसं कागदावर दिसतच नाहीत. दिसतात, फक्त शोधायची वाट बदलावी लागते. सरकारी दप्तर पुढाऱ्याच्या नावाने लावलेलं नसतं. ते खातं, तालुका, गाव आणि साल यांवर लावलेलं असतं.

म्हणून आधी गावांची यादी करा आणि प्रत्येक गावापुढे ते निजामाच्या काळात दिवाणीत (थेट सरकारी मुलखात) होतं, सर्फेखासमध्ये (निजामाच्या खाजगी मालकीत) होतं, पायगेत (पायगा घराण्यातल्या अमीर-उमरावांच्या मुलखात) होतं की जहागिरीत, ते लिहा. जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या, तोवर त्यांचा कारभार आणि दप्तर वेगळं होतं. दुसरं म्हणजे हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा. त्याआधीचं तुमचं सगळं परभणी, हे विसरू नका. हिंगोलीच्या अभिलेख कक्षात ‘काही नाही’ असं उत्तर मिळालं की बरीच मुलं तिथूनच परत फिरतात.

आता तारखा. निजामी कागदावर फसली साल असतं आणि ते ऑक्टोबरात सुरू होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदाला ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांना ५९१. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ ची सुरुवात. रझाकारांचा सगळ्यात वाईट काळ आणि निजामाची १७ सप्टेंबरची शरणागती, दोन्ही याच एका सालात येतात, तेव्हा १३५७ चा गठ्ठा सापडला तर पान न् पान बघा. कलेक्टर शोधू नका, ‘अव्वल तालुकदार’ शोधा. पोलीस अधीक्षक म्हणजे ‘मोहतमीम कोतवाली’. भाषा उर्दू, तीही शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या वळणाची. तुमच्याकडच्या उर्दू शाळेतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना सोबत घ्या. नुसतं भाषांतर करून मागू नका, शेजारी बसून वाचा, म्हणजे कोणत्या शिक्क्यावर आणि कोणत्या शेऱ्यावर थांबायचं ते कळतं.

हे कागद तीन ठिकाणी पांगले आहेत. निजामाच्या राजधानीतलं दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे, काही भाग संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात आणि उरलेलं जिल्ह्यांत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या हैदराबादविषयक बऱ्याच फायली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीतून नेमलेल्या न्या. शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत निजामकालीन दप्तर धुंडाळलं आणि स्कॅन केलं गेलं. त्या वादात तुमचं मत काहीही असो, वर्षानुवर्षं न उघडलेले गठ्ठे त्या निमित्ताने सुटले. कोणत्या तहसिलीत काय निघालं, ते रेकॉर्डकीपरला आत्ता सांगता येईल. त्याची बदली व्हायच्या आत विचारा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाच्या फायलींना द्या. त्यात सामान्य माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो. वर अर्ज, त्याखाली स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र, मग सहकैद्यांचे दाखले, आणि तुरुंगाचा कागद नसेल तर सरहद्दीवरच्या कॅम्पच्या प्रमुखाचं पत्र. रात्री कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर झोपलो, कुणी भाकरी बांधून दिल्या, निरोप कुणी पोहोचवला, अशी वाक्यं याच कागदांत येतात. भाकरी देणारीला कुणी पेन्शन दिलं नाही, तिची फाईल नाही. तिचं नाव असलंच तर दुसऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात एका ओळीत. त्या ओळी वेगळ्या वहीत उतरवत चला. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचं खरं धन तेच ठरेल. मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या चौकशीला पालकर आयोग नेमावा लागला होता. दहा अर्जांत मजकूर शब्दाला शब्द सारखा असेल, तर तो अर्जनवीसाचा, म्हणजे पैसे घेऊन अर्ज लिहून देणाऱ्याचा समजा.

कळमनुरीकरांना आणखी एक सोय आहे. पैनगंगेपलीकडे उमरखेड, म्हणजे तेव्हाचा मध्यप्रांत-वऱ्हाड, आणि तिथे हैदराबाद स्टेट काँग्रेसचा, सरहद्दीपलीकडून लढणाऱ्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. तुमच्या गावची पोरं नदी ओलांडून तिकडेच गेली असणार. म्हणून त्यांचा माग परभणीइतकाच यवतमाळ आणि नागपूरच्या दप्तरात काढा. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेले विद्यार्थीसुद्धा शिकायला नागपूरलाच गेले होते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. १७ सप्टेंबरला प्रकरण संपवू नका. पंडित सुंदरलाल समिती १९४८ च्या अखेरीस या भागात फिरली. पोलीस कारवाईच्या, म्हणजे भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं त्या वेळी आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं गेली असा तिचा अंदाज आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. रझाकारांनी जाळलेली गावं आणि नंतर मारले गेलेले मुसलमान शेतकरी-मजूर, दोघंही याच मातीतले. एकाला ठेवून दुसऱ्याला गाळलं तर तो मुक्तिसंग्रामाचा इतिहास राहणार नाही.

मुक्तिसंग्राम आणि नामांतर हे दोन वेगळे विषय धरू नका. मधला दुवा जमिनीचा आणि गावकीच्या वतनाचा आहे. बाबासाहेबांची ३० डिसेंबर १९३८ ची कन्नडजवळची मक्रणपूर परिषद, फेब्रुवारी १९४१ ची कसबे तडवळ्याची महार-मांग वतनदार परिषद, १९५० चं मिलिंद महाविद्यालय, १९५३ चा दादासाहेब गायकवाडांचा मराठवाड्यातला भूमिहीनांचा सत्याग्रह, अशी ही साखळी विद्यापीठाच्या नामांतराच्या २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळातल्या ठरावापर्यंत येते. ठरावानंतर कुठल्या गावात दलितांची घरं जळली ते तुम्ही शोधालच. त्याच गावाचं १९५४ चं खासरा पत्रक (कुठली जमीन कुणाकडे, याची नोंद) आणि गायरानाच्या नोंदी शेजारी ठेवून बघा. वस्तीवर राग नेमका कशाचा होता, याचं बरंचसं उत्तर तिथे मिळतं. या दंगलींवरचा अत्याचारविरोधी समितीचा अहवाल १९७९ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला होता, तो आधी वाचा. दैनिक ‘मराठवाडा’ने नामांतराला विरोध केला होता, हे ध्यानात ठेवून त्याचे अंक चाळा.

या भागात घाई करा. महसुली दप्तरात ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा. नामविस्तार, म्हणजे मूळ नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडणं, १४ जानेवारी १९९४ चा, म्हणजे त्या काळातल्या ‘ब’ वर्गाच्या कागदांची मुदत भरली आहे आणि निर्लेखनाच्या, म्हणजे नष्ट करायच्या कागदांच्या यादीत ते कधीही जाऊ शकतात. आजच माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि त्यात कलम ८(३) चा उल्लेख करा. २० वर्षांहून जुन्या घटनेची माहिती नाकारायची बहुतेक कारणं त्या कलमाने गळून पडतात. ‘दंगलीची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ठाणं, गाव, महिना लिहून गुन्हे नोंदवहीचा उतारा मागा.

बायांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहे. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. तुमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायांकडे जाताना ‘तुम्ही आंदोलनात होता का’ असं विचारू नका, ‘नाही’ म्हणतील. १९७८ च्या श्रावणात कुठे होता, लेकरं कुणाकडे ठेवली, हे विचारा.

घरोघरी पत्रकं, फोटो, तुरुंगातली पत्रं निघाली तर मूळ कागद उचलून नेऊ नका. तिथेच उजेडात मोबाईलवर फोटो घ्या, मागची बाजूही घ्या, आणि छापील प्रत त्या घरी नेऊन द्या. पेन्शनच्या फायलींसाठी परभणीला जाल तेव्हा गावांची यादी मराठी आणि उर्दू दोन्ही लिप्यांत लिहून न्या.