मांजरांचं काम नवीन सुरू करताय? आधी एवढं करा

ताई, तुम्ही जुळे सोलापूर भागात गल्लीतल्या भटक्या मांजरांना खायला घालताय आणि आता त्यांना सांभाळायचं काम सुरू करायचं म्हणताय, तर एकदम दहा मांजरं घरी आणू नका, सगळे नवीन लोक हीच चूक करतात आणि दोन महिन्यांत थकून सोडून देतात. खायला घालताय ते चांगलंच आहे, पण नुसतं खायला घालून संख्या कमी होत नाही, नसबंदी झालीच पाहिजे. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण 63-65 दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहते, म्हणून "एकदा पिल्लं होऊ दे मग बघू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

सुरुवातीला एवढंच:
- नसबंदीसाठी आधी मांजरी पकडा, बोके नंतर. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून डॉक्टरांकडून कानाचं टोक कापून घ्या.
- पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलू नका, आई खायला गेलेली असते. लांबून थांबून बघा. मात्र मे महिन्यात पत्र्याखाली, उन्हात असतील तर तिथंच जवळ सावलीत सरकवा.
- गाईचं दूध नको, जुलाब लागतात. आणि पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजर मरतं.

पिल्लू कुणाला पाळायला देताना त्यांच्या घरी जाऊन बघा, नसबंदी करणार का ते स्पष्ट विचारा. पिंजरा, औषधं ते सगळं नंतर सांगते. या आठवड्यात फक्त तुमच्या गल्लीतली मांजरं मोजा.