यंगकिन यांची आश्वासनं: सही कुठे चालली, कुठे अडली

तुम्ही विचारलंय की २०२१ मध्ये ग्लेन यंगकिन व्हर्जिनियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांची धोरणं नेमकी काय होती, त्यातलं पुढे काय झालं, आणि ते खरंच कितपत कॉन्झर्वेटिव्ह होते. मी उत्तर व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहते. ती निवडणूक आमच्याच शाळांवरून पेटली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

इथला गव्हर्नर लोक थेट निवडतात आणि कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी असतो. पण मुख्यमंत्र्यामागे विधानसभेचं बहुमत असतंच, गव्हर्नरमागे ते असेलच असं नाही. रिपब्लिकन यंगकिन यांनी डेमोक्रॅट टेरी मकॉलिफ यांना जेमतेम दोन टक्क्यांनी हरवलं. शंभर जागांचं हाउस ऑफ डेलिगेट्स, म्हणजे विधिमंडळाचं खालचं सभागृह, रिपब्लिकनांकडे आलं, ५२ विरुद्ध ४८. सिनेट मात्र डेमोक्रॅट्सकडेच राहिलं, २१ विरुद्ध १९. त्यात व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, म्हणजे जे काही करायचं ते चार वर्षांत. म्हणून कुणाचंही आश्वासन ऐकलं की मी पहिल्यांदा एकच बघते, हे त्याच्या एकट्याच्या सहीने होणार आहे का.

करांपासून सुरुवात करू. व्हर्जिनियात किराणा मालावर अडीच टक्के कर होता, त्यातला दीड टक्का राज्याचा आणि एक टक्का स्थानिक. यंगकिन म्हणाले होते, सगळाच काढू. १ जानेवारी २०२३ पासून राज्याचा दीड टक्का गेला, स्थानिक एक टक्का तसाच राहिला, कारण त्यावर काउंट्या आणि शहरांचं बजेट चालतं. तांदूळ, तूरडाळ, भाजी, दूध असं दोनशे डॉलरचं सामान घेतलं तर आधी पाच डॉलर कर पडायचा, आता दोन पडतो. त्याच दुकानातून गरम सामोसे घेतलेत तर ते तयार अन्न धरलं जातं आणि त्यावर पूर्ण सेल्स टॅक्स लागतो, आमच्या भागात सहा टक्के. बिल नीट बघा, दोन्ही दर वेगळे दिसतील.

हे जमलं कसं, तेही सांगायला हवं. मावळते डेमोक्रॅट गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनीच डिसेंबर २०२१ मध्ये, जाता जाता मांडलेल्या बजेटमध्ये, राज्याचा हा दीड टक्का काढायचं सुचवलं होतं. तिजोरी भरलेली होती आणि दोन्ही पक्षांना श्रेय हवं होतं. एकरकमी परताव्याचंही तसंच. आश्वासन माणशी ३०० डॉलरचं होतं, हातात २५० आले. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी करवजावट, दुप्पट करायचं म्हणजे एकट्याला ४,५०० वरून ९,००० व्हायला हवं होतं, ते आधी ८,००० झालं आणि नंतर थोडं वाढलं. पेट्रोलवरचा कर तीन महिने माफ करायचा प्रस्ताव मात्र २०२२ मध्ये सिनेटने सरळ अडवला. जिथे समोरची बाजू अर्धी तयार होती तिथेच काम पुढे सरकलं.

आता शाळा. हा मुद्दा त्यांनी जिंकला, आणि तो त्यांना आयता मिळाला. सप्टेंबर २०२१ च्या वादसभेत मकॉलिफ बोलून गेले की शाळेने काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये असं आपल्याला वाटतं. दुसऱ्या दिवसापासून ती क्लिप सगळीकडे. कोव्हिडमध्ये शाळा महिनोन्‌महिने बंद राहिल्या होत्या, लाउडनच्या स्कूल बोर्डाच्या बैठकांत आरडाओरडा चालला होता. लाउडन शेवटी मकॉलिफनीच जिंकलं, पण चार वर्षांपूर्वी नॉर्थमना मिळालेल्या मताधिक्याच्या मानाने फार कमी फरकाने. ॲशबर्नमधल्या आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत, जिथे नेहमी डेमोक्रॅट मत पडायचं, त्या वर्षी नवरा-बायकोत वाद झाले. मी ते जवळून पाहिले आहेत आणि त्या पालकांची काळजी खरी होती, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

१५ जानेवारी २०२२ ला शपथ घेतल्या घेतल्या यंगकिन यांनी सह्या केल्या. पहिल्या आदेशाने क्रिटिकल रेस थिअरी (वर्णभेद कायदे आणि व्यवस्थेतच रुजलेला आहे अशी मांडणी) आणि तत्सम ‘फूट पाडणाऱ्या संकल्पना’ शाळांतून काढायला सांगितलं. दुसऱ्याने मास्कचा निर्णय पालकांवर सोपवला. लगेच सात स्कूल बोर्ड कोर्टात गेले. तो प्रश्न सुटला तो आदेशाने सुटला नाही. फेब्रुवारीत सिनेटमधल्या काही डेमोक्रॅट्सनी साथ दिली, कायदा झाला आणि १ मार्चपासून वाद मिटला. निदान वीस नव्या चार्टर शाळांचं, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांचं, आश्वासन मात्र हवेत राहिलं, कारण व्हर्जिनियात चार्टरला मंजुरी देणं स्थानिक स्कूल बोर्डाच्या हातात आहे. त्याऐवजी विद्यापीठांशी जोडलेल्या लॅब स्कूल्ससाठी दहा कोटी डॉलर मंजूर झाले.

थॉमस जेफरसन हायस्कूल या विज्ञान-गणितासाठी नावाजलेल्या, निवडून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. फेअरफॅक्स काउंटीच्या बोर्डाने डिसेंबर २०२० मध्ये तिथली प्रवेश परीक्षा काढली आणि प्रत्येक मिडल स्कूलला ठरावीक जागा दिल्या. पहिल्याच वर्षी प्रवेश मिळालेल्यांतलं आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. गुणवत्तेवर प्रवेश आणि प्रगत गणिताचे वर्ग ही यंगकिन यांची भूमिका ऐकून अनेक मराठी आई-बाबांना वाटलं, आता परीक्षा परत येणार. पण प्रवेशाचे नियम काउंटीचं बोर्ड ठरवतं आणि भांडण फेडरल कोर्टात होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पालक जिंकले, मे २०२३ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. यात गव्हर्नरची सही कुठेच नव्हती. तुमचं मूल सहावी-सातवीत असेल तर स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायला चुकू नका. तिथे मतदान कमी होतं आणि थोड्या मतांनीही फरक पडू शकतो.

हवामानाच्या मुद्द्यावर त्यांनी सहीची ताकद जास्त ताणली, असं माझं मत आहे. वीज कंपन्यांना कार्बनचे परवाने विकत घ्यायला लावणाऱ्या, आरजीजीआय नावाच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या गटात व्हर्जिनिया २०२१ मध्ये गेलं, ते २०२० च्या कायद्याने. डोमिनियन या वीज कंपनीच्या ग्राहकाला याचा भुर्दंड सुरुवातीला महिन्याला साधारण २.३९ डॉलर पडत होता. हा छुपा कर आहे, असं यंगकिन म्हणायचे. कायदा बदलायला सिनेट तयार नव्हतं, म्हणून त्यांनी प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडून नियमच रद्द करवले आणि २०२३ च्या अखेरीस राज्य बाहेर पडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने तो मार्ग बेकायदेशीर ठरवला. भुर्दंडाबद्दलची त्यांची तक्रार रास्त असेलही, पण विधिमंडळाने केलेला कायदा बोर्डाच्या ठरावाने मोडता येत नाही.

गर्भपाताबद्दल ते प्रचारात जपूनच बोलत होते. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेड हा जुना निकाल रद्द झाला आणि त्यांनी पंधरा आठवड्यांची मर्यादा मागितली. सिनेटने ती फेटाळली. मग २०२३ ची विधिमंडळाची निवडणूक त्यांनी याच मुद्द्यावर लढवली, आणि हाउसही हातचं गेलं, ५१–४९.

त्यानंतरचे यंगकिन बघितले की तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. प्रचारात त्यांनी एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेचं प्रश्नपत्रक भरून दिलं नव्हतं, ट्रम्प यांचा पाठिंबा घेतला पण त्यांना शेजारी उभं केलं नाही. त्यामुळे मवाळ म्हणून खपले. पण दोन्ही सभागृहं विरोधकांकडे गेल्यावर हातात उरला तो व्हेटो, आणि तो उलटवायला दोन-तृतीयांश मतं लागतात. एकट्या २०२४ मध्ये त्यांनी २०१ विधेयकं व्हेटोने रोखली. असॉल्ट वेपन्सवरची (लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची) बंदी, किमान वेतन १५ डॉलर, गांजाची दुकानातली विक्री, ही तिन्ही २०२४ मध्ये अडली आणि २०२५ मध्येही. किराणा कराच्या तीन डॉलरपेक्षा पंधरा डॉलरच्या वेतनाचा फरक त्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या बाईला कितीतरी जास्त जाणवला असता, आणि २०२१ च्या प्रचारात तो विषय शाळांच्या गोंगाटाखाली दबून गेला होता. कुणी त्या नकारांना राज्य वाचवणं म्हणेल, कुणी राज्य रोखणं. पण कॉन्झर्वेटिव्ह उमेदवार कशाला ‘हो’ म्हणतो याच्या दुप्पट लक्ष देऊन तो कशाला ‘नाही’ म्हणेल हे सभांत विचारा. तो नकार त्याला एकट्याला देता येतो.

१७ जानेवारी २०२६ ला ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनी शपथ घेतली. अडलेली विधेयकं कोणती आणि आपल्या डेलिगेटने त्यांवर काय मत दिलं, हे विधिमंडळाच्या साइटवर विधेयकाचा नंबर टाकून मिळतं. नंबर शोधताना अडलात तर इथेच विचारा, मी काढून देते.