पहिली बाईक विकली त्याची रुखरुख अजून जात नाही, परत शोधून घेऊ का?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे कुणी थेट घेऊन येत नाही. लोक आधी ऑफिसचं टेन्शन सांगतात, झोप लागत नाही सांगतात, घरात खटके उडतात ते सांगतात, आणि मग वेळ संपत आली की उठता उठता, "मॅडम एक विचारू का, हसाल तुम्ही" असं म्हणून ती गाडी बाहेर काढतात. पहिली मोटरसायकल. स्वतःच्या पगारातून घेतलेली नाहीतर घरच्यांनी दिलेली, विकून कधीच वर्षं उलटलेली, आणि मनातून काही केल्या न गेलेली. विचारायचं असतं ते साधारण इतकंच, की एवढी वर्षं झाली तरी त्रास होतो म्हणजे माझं डोकं बिघडलंय का, आणि तीच गाडी शोधून परत घेतली तर बरं वाटेल का.

डोकं बिघडलेलं नाही, ते आधीच सांगून टाकते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून एक केस सांगते. तपशील बदललेत, त्यांची परवानगी आहे, नाव नको म्हणून आपण त्यांना नुसतं दादा म्हणू.

दादा चाळिशीतले, नोकरी चांगली, बायको मुलगा सगळं व्यवस्थित, त्यांना बायकोनेच पाठवलं होतं कारण रात्री दोन दोन वाजेपर्यंत फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसायचे आणि सकाळी सगळ्यांवर डाफरायचे. घ्यायची नव्हती कुठलीच, नुसतं बघायचं, फोटो झूम करून नंबर प्लेट बघायची आपलीच तर नाही ना. बायको म्हणे, "अहो मामा गेले तेव्हा तुमच्या डोळ्यात पाणी नव्हतं आणि सिग्नलला तसली गाडी दिसली की गप्प होता तुम्ही तासभर." हे वाक्य त्यांना फार लागलं होतं. मी निर्दयी आहे का, असं त्यांनी मला खरंच विचारलं.

मी म्हटलं ते बाजूला ठेवू, विकली त्या दिवशी काय झालं ते सांगा.

गाडी किती पैशाला गेली हे त्यांना आठवेना. आठवलं ते वेगळंच. घेणारा आला, गाडी चालू होईना, कारण ती गार असताना सरळ किक मारून चालू व्हायचीच नाही, पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा (गार इंजिनला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळावं म्हणून असलेला खटका, इंजिन तापलं की परत आत ढकलायचा), स्विच बंद ठेवून दोन किक हळू मारायच्या, मग स्विच चालू करून तिसरी जोरात. हे त्यांनी त्याला करून दाखवलं. गाडी सुरू झाली, त्याने पैसे दिले, बसला आणि निघाला, आणि चोक तसाच ओढलेला. दादा मागून ओरडले "चोक, चोक!" त्याला ऐकू गेलं नाही, गाडी धापा टाकत काळा धूर सोडत वळणावरून गेली. बास. एवढंच. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितली, पुढच्या भेटीत सांगितली आणि त्याच्या पुढच्या भेटीत पण जणू पहिल्यांदाच सांगतोय अशी सांगितली. (मला स्वतःला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण चोक म्हणजे काय ते आता झोपेतसुद्धा सांगेन.)

माणूस एकच प्रसंग सारखा सारखा सांगतो तेव्हा अडकलेली जागा बहुतेक तीच असते. पण दादांचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं, त्यांचं म्हणणं निर्णयच चुकला. थोडं थांबायला हवं होतं, कुणाच्या तरी अंगणात ठेवायला हवी होती, वर्षभर कशीतरी काढली असती तर पुढे पगार वाढलाच होता. इथे एक गंमत आहे. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी पश्चात्तापावर जे काम केलं (त्यांचा मोठा लेख १९९५ चा) त्यात असं दिसलं की केलेल्या गोष्टी आपल्याला सुरुवातीला जास्त टोचतात आणि लांबचा विचार केला तर न केलेल्या गोष्टी जास्त छळतात. आता गाडी विकणं ही तर केलेली गोष्ट, मग ती इतकी वर्षं का टोचावी? मला वाटतं आपण ती हळूहळू न केलेल्या गोष्टीत बदलून टाकतो. "मी विकली" चं "मी सांभाळली नाही" होतं. आणि न केलेल्या गोष्टीला अंत नसतो, कसंही करून सांभाळता आली असती असं कितीही रंगवता येतं, कारण ते घडलेलंच नाही त्यामुळे खोटं ठरवायला कुणी येत नाही.

म्हणून त्यांना घरून एक लिहून आणायला सांगितलं, विकली त्या सहा महिन्यांत घरात काय काय चालू होतं ते. नुसती यादी, भावना नकोत. यादी आली ती अशी: मुलगा नुकताच झालेला, आईचं ऑपरेशन, घर बदललेलं आणि नव्या जागी गाडी लावायला आडोसा नाही, हप्ते, आणि गाडी कित्येक महिने उभीच, मागचा टायर बसलेला, चेनला गंज, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चिकटून गेलेलं. हे शेवटचं लिहिताना स्वतःलाच आश्चर्य वाटलं म्हणाले, कारण मनात जी गाडी होती ती कायम चकचकीत, पहिल्या किकला चालू होणारी. आठवणीत गंज चढत नाही हे तसं सगळ्यांचंच होतं. त्यात पहिली गाडी नेमकी कुठल्या वयातली असते बघा. साधारण दहा ते तिशीच्या आतल्या आठवणी माणसाला म्हातारपणीसुद्धा जास्त आणि जास्त ठळक आठवतात हे मानसशास्त्रात बरंच अभ्यासलेलं आहे, म्हणजे ती गाडी पडलीये अगदी मोक्याच्या जागी.

मग मी विचारलं, आज तुम्हाला परत त्या महिन्यात नेऊन उभं केलं, खिशात तेवढेच पैसे, पुढचं काहीच माहीत नाही, तर काय कराल?

बराच वेळ बोलले नाहीत. मग जरा चिडूनच म्हणाले, "विकेन. पण अशी नाही विकणार."

माझ्या मते केस तिथे उलगडली. इतकी वर्षं ते दोन गोष्टींची गल्लत करत होते. त्रास होतोय, म्हणजे निर्णय चुकला असणार. असं नसतं हो. निर्णय बरोबर असतो आणि तरी जे गेलं ते गेलंच, त्याचं वाईट वाटतंच, आणि ते वाटणं हा काही चूक झाल्याचा पुरावा नाही. त्यांना खुपत होतं ते विकणं नव्हतंच, ज्या घाईत आणि ज्या कोरडेपणाने ती गेली ते खुपत होतं. शेवटची एक चक्कर नाही, एक फोटो नाही, कुणी विचारलं नाही कसं वाटतंय, आणि त्यांनाही वाटलं नाही की सांगावं, कारण लोखंडासाठी रडतो का कुणी. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर लिहिलं, जे दुःख उघडपणे करायला समाज मोकळीक देत नाही ते. माणूस गेलं की चार लोक येऊन बसतात. मामा गेले तेव्हा रडायला घर भरलेलं होतं, दादांच्या वाट्याला धावपळ आली, ती त्यांनी केली, निर्दयी वगैरे काही नाहीत ते.

पुढचं काम मग सोपं होतं, म्हणजे मला सोपं, त्यांना नाही. म्हटलं, त्या माणसाला जे ओरडून सांगायचं राहिलं ते लिहून काढा, गाडी कशी चालवायची ते सगळं, रोज पंधरा मिनिटं, चार दिवस. हा साचा माझा नाही, जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना मनातल्या जड गोष्टींवर असंच लिहायला लावलं होतं, आणि त्यात दिसलं की लिहून झाल्या झाल्या मूड उलट खराब होतो, फायदा पुढच्या महिन्यांत दिसतो. हे क्लायंटला आधीच सांगावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो, मॅडम जास्तच त्रास व्हायला लागलाय.

दादांचं लिखाण सुरू झालं चोकपासून. मग, पावसात बंद पडली तर प्लगची कॅप काढून कोरडी करा. मागच्या ब्रेकवर विसंबू नका. रिझर्व्हला लागली की जरा हिसका देते, घाबरू नका. टाकीवर डाव्या बाजूला पोचा आहे तो भरू नका, तिथे गुडघा बरोबर बसतो. आणि तिसऱ्या दिवशीच्या पानावर मधेच, "बाबांना मागे बसवून दवाखान्यात न्यायचो तेव्हा इतकी हळू चालवायचो की इंजिन थरथरायचं, ते म्हणायचे अरे चालव की जरा." बाबा गाडी विकायच्या आधीच गेले होते. इतक्या भेटींत त्यांचा विषय एकदाही निघाला नव्हता. आता इथे सगळं वडिलांवर ढकलायचा मोह समुपदेशकाला होतो, मी तो टाळते, कारण गाडीवर प्रेम हे गाडीवरही असू शकतं. पण त्या आठवड्यात आम्ही गाडीबद्दल कमी बोललो एवढं खरं.

आता परत घेण्याचं. दादांनी गाडी शोधली, मी नको म्हटलं नाही. तीन हात बदलून ती एका मुलाकडे होती, त्याने फोटो पाठवला. रंग वेगळा, हँडल वेगळं, सायलेन्सर वेगळा, आणि टाकीवरचा पोचा भरून टाकलेला. त्यांनी विकत घेतली नाही. मग एका मित्राकडची तसलीच गाडी एक सकाळ मागून घेतली, आणि येऊन मला म्हणाले, "ब्रेक लागतच नाहीत हो, हिच्यावर मी रात्री हायवेला कसा जायचो?" मनगटं दुखत होती, पण चेहरा खुलला होता. मी विचारलं आवडलं काय त्यातलं. म्हणाले, तीन तास मी कुठे आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

हे नंतर बायकोसमोर बोलून झालं. ती म्हणाली, "मग हे आधी सांगायचं ना, मी गाडी आणायला नको म्हटलं होतं, बाहेर पडायला कुठे नको म्हटलं?" हल्ली ते नवीन गाडी बघतायत, एबीएसवाली (म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरत नाही ती), अजून ठरत नाहीये, जाहिराती अजूनही बघतात पण अकराला फोन ठेवतात.

म्हणजे परत घेऊच नये असं माझं मत नाही. एका ताईंनी भावाला दिलेली स्वतःची पहिली गाडी परत घेतली आणि त्या खूश आहेत, कारण त्यांच्याकडे जागा होती, वेळ होता, हात काळे करायची आवड होती आणि त्या गाडीकडून त्यांना गाडीच हवी होती, गेलेली वर्षं नको होती. याउलट दुप्पट किंमत मोजून आणलेली गाडी महिन्याभरात कव्हरखाली गेलेलीही मी ऐकलीये. म्हणून मी इतकंच सांगते, आधी तसलीच कुणाची तरी एक दिवस चालवा, मग ठरवा. चालवून पोट भरलं तर तुम्हाला फेरी हवी होती. आणि खरंच तीच हवी असेल तर इंजिन नंबर, चासी नंबर जुळवून बघा, स्पेअर पार्ट मिळतात का विचारा, आणि आजचा मालक सांगेल ती किंमत ऐकून हबकू नका, स्वतःकडे असलेली वस्तू प्रत्येकाला जास्त मोलाची वाटते. काहनेमन, नेट्श आणि थेलर या अभ्यासकांनी १९९० मध्ये साध्या कॉफीच्या मगांवर हे करून दाखवलंय, ज्यांच्या हातात मग होता त्यांनी, घेणारे जेवढं द्यायला तयार होते त्याच्या दुपटीहून जास्त किंमत मागितली, आणि तो मग त्यांच्याकडे येऊन फार वेळही झाला नव्हता. तुम्हाला "फार स्वस्तात गेली" असं जे वाटत राहतं त्यातही थोडं हेच असतं.

ज्यांची अजून विकायची आहे त्यांनी हे वाचत असाल तर घाई करू नका, एक चक्कर मारा, फोटो काढा, सुरू होतानाचा आवाज रेकॉर्ड करा. फोटोचं तर तपासलेलं आहे, कॅरन विंटरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात जिव्हाळ्याच्या वस्तूंचे फोटो काढून ठेवायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा साधारण १५ टक्के जास्त वस्तू देऊन टाकल्या, म्हणजे आठवण राहील याची खात्री झाली की हात सुटतो. आणि ताबा स्वतः द्या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका.

एक गंभीर गोष्ट. गाडीची रुखरुख येते आणि जाते. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप भूक बिघडलेली, जगून काय करायचं असले विचार, असं असेल तर तो गाडीचा प्रश्न राहिलेला नाही, डॉक्टरांना भेटा, आणि ते शेवटचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी भेटा.

आणि घरच्यांना, "एक गाडीच तर होती" हे वाक्य कृपा करून बंद करा, त्याने काही होत नाही, माणूस फक्त फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. कशी होती ती गाडी, एवढं विचारा. मात्र हाताशी अर्धा तास असेल तेव्हाच विचारा, उत्तर लहान नसतं.